अमजदने कापलेला दम

लग्नसराईत पनवेलच्या आसपास कुठल्याही आगरी गावात हळदीला जा, गव्हाणला जा नाहीतर तिकडे आपट्याच्या बाजूला जा, मांडवात अमजद मुकादम असतोच. दिसत मात्र नाही. बेंजो पार्टीतला पॅडवाला ऑक्टोपॅडवर काठी मारतो आणि स्पीकरच्या भिंतीतून उडी मारल्यासारखा 'टुईंग' असा आवाज येतो. नाचणारी सगळी पोरं त्या आवाजासरशी हवेत. मग नाणी वेचल्याचा किणकिणाट. मग कोणीतरी खड्ड्यात पडल्यासारखा घरंगळत खाली जाणारा सूर, की सगळे गुडघ्यांत वाकतात. नवऱ्याचा शंभर किलोचा मामासुद्धा वाकतो, आणि मग त्याला उठवायला दोन माणसं लागतात. हे सगळे आवाज अमजदचे.

उरण नाक्याकडून मोहल्ल्यात शिरलं की डाव्या हाताला त्याचं दुकान. दुकान कसलं, दोन माणसं आत बसली तर तिसऱ्याने पायरीवर उभं राहायचं. पाटीवर 'कीबोर्ड, ऑक्टोपॅड, अॅम्प्लिफायर रिपेरिंग' असं लिहिलंय, पण रिपेरिंगवर त्याचं नाव झालेलं नाही. नाव झालं ते आवाज भरून देण्यावर. ऑक्टोपॅड म्हणजे आठ रबरी चौकोनांचं यंत्र. ज्या चौकोनात जो आवाज भराल तो काठी मारली की वाजतो. दुसरे लोक त्यात ढोल भरत, ताशा भरत. अमजदने जुन्या टीव्ही गेमचे आवाज भरले आणि अख्ख्या तालुक्याला नाचवलं. स्वतः तो आयुष्यात कधी नाचलेला नाही, त्याच्या लग्नातही नाही. बिल्कीस, म्हणजे त्याची बायको, अजून ते ऐकवते.

हे वेड त्याला लागलं बापामुळे, आणि बापाला ते मरेपर्यंत उमगलं नाही. बाप कुवेतला क्रेन चालवायचा. एका सुट्टीत येताना त्याने टीव्हीला जोडायचा गेम आणला आणि सोबत हातभर लांबीचा एक कीबोर्ड. बाकीची भावंडं गेम खेळायची. अमजद टीव्हीकडे पाठ करून नुसता ऐकत बसायचा. "या पोराला कुणाला तरी दाखवा," असं त्याची फुफी म्हणाली होती. त्या गेमच्या कॅसेटमध्ये जागा फार थोडी असायची. एका वेळी तीन-चारच सूर वाजू शकायचे. तेवढ्यात बनवणाऱ्यांनी लढाई वाजवली, पाऊस वाजवला, राजाची मिरवणूक वाजवली. सूर असे झरझर आळीपाळीने लावले, की ऐकणाऱ्याला वाटावं दहा जण एकत्र वाजवतायत. अमजदला त्या थोडक्यात भागवण्याचं भारी अप्रूप. इतरांच्या घरी आया डाळीत पाणी घालून सगळ्यांना पुरवतात, तसंच ते आहे, असं तो म्हणायचा.

पुढे बारावी गटांगळ्या खात संपली आणि त्याने मोहल्ल्यातच व्हिडिओ गेम पार्लर टाकलं. चार टीव्ही, आठ रिमोट आणि एक फिरता पंखा जो कुणाकडेच नीट फिरत नसे. मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांना तो अड्डा पसंत नव्हता. जुम्म्याच्या दिवशी एक-दोघं येऊन समजावून जायचे आणि त्यांचीच नातवंडं मागच्या दाराने आत यायची. त्या आठ वर्षांत अमजद एक गोष्ट शिकला, आणि ती त्याने नको इतकी पक्की धरली. गेममधला आवाज जरा जरी थांबला, तर खेळणाऱ्याचं लक्ष उडतं. तो घड्याळाकडे बघतो, त्याला घर आठवतं, तो उठून जातो. म्हणून गेमची धून कधी संपत नाही. शेवटचा सूर विरायच्या आत पहिला सुरू झालेला असतो. मधे मोकळी जागा ठेवायची नाही, हा अमजदचा धर्मच होऊन बसला, आणि हे मी त्याच्या तोंडावर म्हटलं तर तो कानाला हात लावील, पण खरं ते खरं.

पार्लर बुडालं ते सायबर कॅफे आल्यावर. अमजदने टीव्ही विकले, कॅसेटी ठेवल्या आणि रिपेरिंगला बसला. एका बेंजोवाल्याच्या पॅडमध्ये गंमत म्हणून त्याने उडीचा आवाज भरून दिला. पुढच्या आठवड्यात दुकानासमोर सात पॅडवाले उभे. तिथून पुढे वीस वर्षं बरी गेली. बिल्कीस आवाज कापायच्या कामाला 'तुमची भाजी निवडणं' म्हणते, कारण तो तसाच बसतो, मान खाली घालून, एकेक नको ते काढून टाकत.

चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर निकेश आला. निकेश गव्हाणचा, तिशीतला, पॅडवाला म्हणून चांगलं नाव असलेला. बापाच्या जमिनीचे पैसे आलेले, घरासमोर बंगला झालेला, स्पीकरची भिंत स्वतःची. दुकानात शिरतानाच बोलत आला.

"अमजदभाई, गेमचे आवाज आता समदेच वाजवतान. आपल्याला आपल्यातला कायतरी पायजे. आमच्या आजीचा धवला भरू."

आजी म्हणजे सत्यवती. निकेशच्या आजोबांची धाकटी बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी राहिलेली. ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचे धवले, म्हणजे त्या त्या विधीची गाणी, गाणारी बाई ती धवलारीण. गव्हाण आणि आजूबाजूच्या चार गावांत पन्नास वर्षं सत्यवतीशिवाय लग्न लागलेलं नव्हतं. तिला बोलवायला घरचं कर्तं माणूस नारळ घेऊन जायचं. ती आल्याशिवाय उटणं वाटायला घेत नसत. ज्या बाईला गावाने विधवा म्हणून कुठल्याच शुभकार्यात पुढे उभं केलं नसतं, तिला धवल्याने पाटावर बसवलं होतं. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण तिच्याजवळ होतं ते एवढंच.

निकेश तिला गाडीतून दुकानात घेऊन आला. दुपारची वेळ, रस्ता जरा निवांत. अमजदने शटर अर्धं ओढलं, पंखा बंद केला, माइक पुढे केला. सत्यवती स्टुलावर बसली, आणि तिने इकडे तिकडे बघितलं.

"बाया कुठं हायत?"

"बाया कशाला, मावशी? तुमचाच आवाज पाहिजे," अमजद म्हणाला.

"मंग काय भिंतीला गाऊ?"

शेवटी वरच्या खोलीतून बिल्कीसला खाली बोलावलं. तिच्याकडे बघत सत्यवती गायली. पंचाहत्तरीला टेकलेली बाई, पण आवाज असा की टेबलावरचे स्क्रू हलले. एक ओळ गायची, मग थांबायची, बिल्कीसच्या तोंडाकडे बघायची, लांब दम घ्यायची आणि पुढची ओळ घ्यायची. बिल्कीस बिचारी नुसती मान डोलवत होती. मधे मधे म्हातारी का थांबते, हे दोघांपैकी कुणीही विचारलं नाही. अमजदला वाटलं, वय झालंय, धाप लागते. गाणं झाल्यावर सत्यवतीने चहा घेतला, माइकला बोट लावून बघितलं आणि गेली.

मग अमजद भाजी निवडायला बसला. आता खरं तर कापायची गरज नव्हती. हल्लीच्या पॅडमध्ये नखाएवढं कार्ड असतं आणि त्यात अख्ख्या गावाचे आवाज मावतील. पण हाताला लागलेली सवय. त्याने ओळींमधल्या मोकळ्या जागा काढल्या. सत्यवतीचे दम एकेक करून कापले. ओळीला ओळ चिकटवली, शेवट सुरुवातीला आणून जोडला, खाली ढोल टाकला. काम झाल्यावर कच्चं रेकॉर्डिंग पुसून टाकलं, तीही सवयच. मग कानाला हेडफोन लावून ऐकलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. न थांबता, न दमता, गोल गोल फिरत म्हातारी गात होती. आयुष्यात आपण केलेलं सगळ्यात सुंदर काम हेच, असं त्याला वाटलं. ते त्याने बिल्कीसला बोलूनही दाखवलं.

त्या सीझनला तो धवला गाजला. पहिल्या हळदीत निकेशने काठी मारली आणि पाचशे माणसं वेडी झाली. सत्यवतीला उचलून स्टेजवर आणलं, शाल घातली, लोकांनी फोन वर धरले. म्हातारी लाजून हसत होती. मग कुणीतरी निकेशच्या कार्डातून तो आवाज काढून घेतला आणि एका फोनवरून दुसऱ्या फोनवर तो उरणला गेला, पेणला गेला. अमजदने तो एकदा रोडपालीला एका सोसायटीच्या हॉलमध्ये ऐकला. लग्न पुण्याकडच्या नोकरदार लोकांचं होतं. त्यातल्या कुणालाही धवला म्हणजे काय ते माहीत नव्हतं आणि सगळे जण गॉगल लावून त्यावर नाचत होते. अमजद कीबोर्डची वायर बघायला गेला होता. तो कोपऱ्यात उभा राहून खूश झाला.

पुढच्या सीझनला सत्यवतीकडे नारळ घेऊन येणारी माणसं कमी झाली. भांडण नाही, तंटा नाही. हिशेब साधा होता. धवलारीण बसली की तीन तास जातात, पॅडवर चार मिनिटांत उरकतं, आणि आवाज तर तिचाच असतो. त्याच्या पुढच्या वर्षी दोन घरांनी बोलावलं, तिसऱ्या वर्षी कुणीच नाही. पत्रिका यायच्या, निकेशच्या फोनवर, 'आजींना घेऊन या' अशा. ती जायची, खुर्चीवर बसायची, जेवून परत यायची.

अमजदला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायला तो गेलाही नाही, हे त्याच्या खात्यावर आहेच. यंदा फेब्रुवारीत निकेशच्या अॅम्प्लिफायरचा धूर निघाला म्हणून तो गव्हाणला गेला, तेव्हा सत्यवती ओट्यावर बसली होती. वाळली होती. त्याने सलाम केला, तिने ओळखलं, आणि समोर बसायला खूण केली. हवापाण्याचं काही बोलली नाही. चार वर्षं धरून ठेवलेलंच बोलली.

"बाला, माझा दम कुठं गेला?"

अमजदला वाटलं, ती दम्याबद्दल बोलतेय. त्याने डॉक्टरचं नाव सुचवलं.

"ह्या नाय. त्यातला. तुझ्या मशीनमदला."

मग तिने त्याला समजावून सांगितलं, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. धवला एकटीचा नसतो. धवलारीण एक ओळ टाकते आणि दम घेते. त्या दमात बाकीच्या बाया ती ओळ उचलतात. त्यांची झाली की धवलारीण दुसरी टाकते. पोरी आईच्या मांडीला चिकटून बसलेल्या असतात, त्या जागेत त्याही शिरतात, आणि अशाच शिरत शिरत त्यातली एक कधीतरी धवलारीण होते. सत्यवती स्वतः अशीच झाली होती.

"तू दम कापलास. मंग बाया शिरतील कुठनं? पयल्या साली दोघी-तिघींनी शिरून बघला. जागाच नाय. मंग गप झाल्या. आता कोन तोंड उघडत नाय."

अमजदला बिल्कीसच्या तोंडाकडे बघत थांबलेली म्हातारी आठवली. ती धाप नव्हती. ती वाट बघत होती.

"मावशी, चूक झाली माझ्याकडून. अल्लाह माफ करो. मला कळलंच नाही. चला, पुन्हा रेकॉर्ड करू. आता जसं तुम्ही सांगाल तसं."

सत्यवतीने तोंड उघडलं आणि सूर लावला. आत नुसती खरखर होती. दोन वर्षांपूर्वीच गळा गेला होता. गायची वेळच येत नसल्याने कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"माझा गला आता तुझ्याकडंच हाय," ती म्हणाली. "एप्रिलमदी प्रांजलची हलद हाय. घरची शेवटची पोर. तवा तरी बायांना जागा दे. मी टाकलेला त्यांनी येकदा उचलू दे. मंग वाजवा काय वाजवायचा ता."

प्रांजल निकेशची धाकटी बहीण, वाशीला एका ऑफिसात कामाला. सत्यवतीने तिला आंघोळी घालून वाढवलेलं. म्हातारीला पाटावर बसायचं नव्हतं, शाल नको होती. आपण मेल्यावर धवला बायांच्या तोंडात राहतो की मशीनमध्ये, एवढंच तिला जिवंतपणी बघायचं होतं. अमजदने शब्द दिला.

दुकानात येऊन त्याने सगळे जुने कॉम्प्युटर, सगळी कार्डं धुंडाळली. कच्चं रेकॉर्डिंग कुठेच मिळालं नाही. कुठून मिळणार? त्यानेच पुसलेलं. आवाज होते, दम नव्हते. त्याने ओळी पुन्हा सुट्या केल्या आणि मधे कोरी जागा घालून बघितली. ऐकायला भयंकर वाटलं. माणूस थांबतो तेव्हा त्याच्या थांबण्याचाही आवाज असतो, छातीत हवा भरल्याचा, जीभ टाळूला लागल्याचा. इथे ओळ संपली की कोणी गळा दाबल्यासारखी चिडीचूप. त्याने बिल्कीसला मधे दम घ्यायला लावून तो रेकॉर्ड करून बघितला. ते आणखी वाईट झालं. बिल्कीस म्हणाली, "अहो, दुसऱ्याचा दम असा उसना घेता येतो होय?" आणि वर निघून गेली.

जागा किती ठेवायची, हाही प्रश्न होता. तो घड्याळ घेऊन गव्हाणला गेला. सत्यवतीला हसू आलं. "बाया उचलून खाली ठेवंपर्यंत," ती म्हणाली. मग तिने डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत बायांची बाजू गायला लागली, मांडीवर हाताने ठेका धरत. अमजदने तिच्या हाताकडे बघून सेकंद मोजले. कधी सात यायचे, कधी नऊ, एकदा अकरा. दर खेपेला वेगळे. "नक्की किती, मावशी?" त्याने विचारलं. "बाया किती तेच्यावर हाय," ती म्हणाली. शेवटी अमजदने सगळीकडे नऊ धरले. यंत्राला काहीतरी एक आकडा द्यावाच लागतो.

निकेशला हे काही पटलं नव्हतं. "भाई, नऊ सेकंद गप? पब्लिक समजल लाइट गेली," तो म्हणाला. पण आजीचा हट्ट म्हणून त्याने एक चौकोन त्या धवल्याला दिला. शेजारच्या चौकोनात जुना राहू दिला. असू दे, म्हणाला, कामाला येईल.

हळद एप्रिलमध्ये, ऊन कलल्यावर होती. अमजद आणि बिल्कीस दोघंही गेले. मांडव मोठा, झुंबरं लावलेली, वरून पाच-पाच मिनिटांनी विमान जायचं तेवढ्यापुरतं बोलणं थांबायचं. प्रांजल पाटावर बसली होती. भोवती बाया, सगळ्यांच्या एकाच रंगाच्या पिवळ्या साड्या. सत्यवतीला पाटाजवळ खुर्ची दिली होती. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, असं निकेशची आई बिल्कीसला सांगत होती. अमजद स्पीकरच्या बाजूला उभा राहिला. पहिल्या हळदीला तो असा घाबरलेला नव्हता.

उटण्याची वाटी पुढे आली. निकेशने काठी मारली. स्पीकरमधून सत्यवतीचा चार वर्षांपूर्वीचा आवाज उठला, खणखणीत. बाया ओळखून हसल्या, पोरींनी फोन वर धरले, दोघी-चौघी नाचायला सरसावल्या. ओळ संपली. आणि मशीन थांबलं.

सगळा मांडव एकदम शांत झाला. नाचायला उचललेले हात तसेच राहिले. मागून कोणीतरी ओरडलं, "वायर बघा रे!" एक माणूस धावत जाऊन स्पीकरचा प्लग हलवू लागला. खुर्चीवरची सत्यवती एकेका बाईच्या तोंडाकडे बघत होती, पन्नास वर्षं बघत आली तशी. पन्नाशीपुढच्या पाच-सहा जणी होत्या. त्यांना ओळ येत होती, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. निकेशच्या आईने तोंड उघडलंसुद्धा. मग सगळे आपल्याकडे बघतायत हे तिच्या लक्षात आलं आणि तिने हसून पदर तोंडाला लावला. बाकीच्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि खाली बघितलं. नऊ सेकंद संपले. दुसरी ओळ सुरू झाली, लोकांनी हुश्श केलं, आणि ती ओळ संपून मशीन पुन्हा थांबलं.

या वेळी सत्यवतीने ती उचलली. धवलारीण बायांची बाजू कधी गात नाही, पण ती गायली, फाटलेल्या गळ्याने, एकटी, हाताने ठेका धरून. तिचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नव्हता. शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या बिल्कीसने अमजदचं मनगट घट्ट धरलं. म्हातारी हळू गात होती, वयाच्या मानाने जशी गाईल तशी, आणि ओळ अर्ध्यावर असतानाच नऊ सेकंद भरले. स्पीकरमधली सत्यवती तिच्या अंगावरून पुढे गेली. म्हातारी अडखळली, घाईघाईने ओळ पुरी करायला गेली, आणि तिला ठसका लागला. माणसं हसली. कोणी वाईट मनाने हसलं नाही, लग्नघरातलंच हसू ते. निकेशचं तोंड लाल झालं. त्याने शेजारच्या चौकोनावर काठी मारली.

जुना धवला सुरू झाला. न थांबणारा. मांडवभर एकच जल्लोष उठला, पिवळ्या साड्या उड्या मारायला लागल्या, वाटी हातोहात फिरली, प्रांजलच्या गालांना हळद लागली. चार मिनिटांत उरकलं.

अमजद गर्दीतून वाट काढत सत्यवतीजवळ गेला आणि खुर्चीशेजारी उकिडवा बसला. तिला पाणी दिलं. "मावशी, माझं मोजायला चुकलं," तो म्हणाला. "अकरा धरायला हवे होते. मी आत्ता निकेशला सांगून बदलतो. परत लावू. या वेळी बाया उचलतील, बघा तुम्ही."

सत्यवतीने पाणी पिऊन पेला त्याच्या हातात दिला. नाचणाऱ्या बायांकडे ती बघत होती. त्यातल्या तिघी तिच्याच मांडीशी बसून वाढलेल्या.

"नको, बाला," ती म्हणाली. "तू पयला केलावतास तोच राहू दे. थांबला का मंग कलतंय, उचलायला कोन नाय ते."